कॅलिपर बदलायचा की उघडायचा? बडोद्यातल्या एका गाडीचं प्रकरण

गाडी, माणसं आणि दुकानं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत. गाडीमालकांना इथे नुसतं 'काका' म्हटलं आहे. त्यांच्या सोसायटीत राहणारा आणि ब्रेकच्या सुट्या भागांच्या तपासणीत नोकरी केलेला माणूस म्हणून माझा या प्रकरणाशी संबंध आला.

पार्श्वभूमी

गाडी ऑक्टोबर २०१९ मध्ये घेतलेली पेट्रोल हॅचबॅक, १,२०० सीसीच्या आतली. पुढे डिस्क, मागे ड्रम. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांची रचना हीच असते, म्हणजे कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन पॅडांत चिमटून गाडी थांबवणारा भाग) दोनच आणि तेही पुढच्या चाकांना. चाललेली पाच वर्षांत ४१ हजार किलोमीटर. काका-काकू निवृत्त. गाडीचा उपयोग मंडईला, दवाखान्यात, दांडिया बाजारात नातेवाईकांकडे, आणि वर्षातून एखाददोनदा पावागडला.

२६ ऑगस्ट २०२४ ला, जन्माष्टमीच्या दिवशी, बडोद्यात पाऊस कोसळला आणि पुढचे दोन-तीन दिवस विश्वामित्री शहरात शिरली. नदीची धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. समा, कारेलीबाग, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा, सगळीकडे गाड्या पाण्यात होत्या. काकांची गाडी पार्किंगमधल्या जरा उंच कोपऱ्यात होती. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं, तिथे दीड दिवस थांबलं आणि उतरलं. गाडीच्या आत थेंबही गेला नाही, इंजिनपर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्यांच्या सीटवर गाळ बसलेला असताना आपण वाचलो असंच काकांना वाटलं, आणि ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. शिवाय गणपती अवघ्या दहा दिवसांवर आले होते आणि तळमजल्यावरच्या भावाच्या घरातून चिखल काढायचा होता. बाहेरून गाडी धुतली, चालवून पाहिली, चालली. विमा कंपनीला कळवलं नाही.

चाकाच्या मध्यापर्यंत पाणी म्हणजे कॅलिपर पूर्ण बुडालेला. हे त्या वेळी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

दिवाळी झाल्यावर दोघं मुलीकडे पुण्याला गेले. गाडी हँडब्रेक ओढून पार्किंगमध्ये उभी राहिली, ती उत्तरायणाला परत येईपर्यंत.

अडचण

जानेवारीत गाडी पहिल्यांदा हलवताना मागून 'खाट' असा आवाज झाला. ड्रमला चिकटलेले ब्रेकशू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग) सुटले होते. तो आवाज परत आला नाही, म्हणून विषय संपला. गाडी डावीकडे किंचित ओढते आहे हे आधी काकूंच्या लक्षात आलं. "अहो, तुम्ही सारखं स्टिअरिंग उजवीकडे का धरता?" काकांनी टायरमध्ये हवा भरून घेतली.

महिनाअखेरीस पावागडची फेरी झाली. माचीपर्यंत गाडी वर गेली. उतरताना, निम्म्या घाटात, डाव्या चाकाकडून जळक्या वासाचा भपका आला आणि पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागलं. काकांनी गाडी बाजूला घेतली, पाऊण तास थांबले, मग पहिल्या गिअरमध्ये खाली आले. हालोलला चहाच्या टपरीवर काकूंनी बाटलीतलं पाणी चाकावर शिंपडलं तर चर्र आवाज आला. उजव्या चाकावर शिंपडलं तर नुसतं ओघळलं. (तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतू नये, ती वाकू शकते. पण निदान म्हणून त्या दिवशी याहून चांगलं काही झालं नसतं.)

पेडल खोल का गेलं ते समजून घेण्यासारखं आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. पाच वर्षं न बदललेलं ऑइल, त्यात सतत घासून तापणारा एक कॅलिपर, त्यात घाट. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की पेडलचा जोर ते बुडबुडे दाबण्यातच जातो. म्हणजे अडचण एका चाकाची असली तरी परिणाम सगळ्या ब्रेकवर होतो.

पहिलं एस्टिमेट

दुसऱ्या दिवशी काका गाडी हळूहळू चालवत अधिकृत वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. ॲडव्हायझरनं गाडी लिफ्टवर घेतली, चाकं हातानं फिरवून पाहिली, डावं फिरत नाही हे दाखवलं आणि अर्ध्या तासात एस्टिमेट हातात दिलं:

पुढचे दोन्ही कॅलिपर, प्रत्येकी ६,८५० — १३,७०० रुपये
दोन डिस्क — ५,८०० रुपये
पॅडचा सेट — २,६५० रुपये
दोन ब्रेक होज (कॅलिपरपर्यंत ऑइल नेणाऱ्या रबरी नळ्या) — १,५६० रुपये
मागचे शू आणि दोन व्हील सिलिंडर (शू ड्रमवर दाबणारे) — ४,१५० रुपये
ब्रेक ऑइल — ६२० रुपये
मजुरी करासह — ४,७२० रुपये
एकूण — ३३,२०० रुपये

काकांनी विचारलं, कॅलिपरमध्ये नक्की काय बिघडलं आहे? उत्तर आलं, "अंकल, केलिपर जाम थई गया छे. पूरमां डूबेली गाडी छे ने, बधुं बदलावी नाखो." म्हणजे सगळंच बदलून टाका.

यात खोटं काही नव्हतं. कॅलिपर जाम होता, गाडी पुरातली होती. पण कॅलिपर जाम होणं हे लक्षण आहे. त्यामागे वेगवेगळी कारणं असू शकतात आणि त्यांच्या खर्चात काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत फरक पडतो. एस्टिमेट लिहिताना एकही चाक उतरवलेलं नव्हतं. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. वर्कशॉपवर लबाडीचा आरोप मी करणार नाही. त्यांच्याकडे भाग उघडून दुरुस्त करण्यापेक्षा आख्खा बदलायची पद्धत असते, कारण दुरुस्त केलेल्या ब्रेकची हमी घ्यायला कुणी तयार नसतं. पण ती त्यांची सोय झाली.

काकांनी विचार करून सांगतो म्हटलं. जॉबकार्डवर 'ब्रेकचं काम सुचवलं, ग्राहकानं नाकारलं' असं लिहून सही घेतली गेली आणि काका गाडी घेऊन घरी आले. ही परत येतानाची फेरी टाळायला हवी होती. त्यांच्या विम्यात रस्त्यावरच्या मदतीचं कलम होतं, टोइंग फुकट मिळालं असतं.

घरात काय चाललं होतं

पुण्याहून जावयाचा फोन. "बाबा, ब्रेकमध्ये काटकसर नको. सांगतायत ते सगळं बदलून टाका, पैसे मी पाठवतो." काकूंचं म्हणणं, एवढे पैसे घालण्यापेक्षा गाडीच विकू या, रिक्षानं फिरू. काकांना दोन्ही पटत नव्हतं. जावयाचे पैसे घेणं तर मुळीच नाही. त्यांचा प्रश्न साधा होता: उजवं चाक व्यवस्थित फिरतंय, मग त्याचा कॅलिपर कशासाठी?

मला हा प्रश्न रास्त वाटला. जावयाचं वाक्य ऐकायला बरोबर, पण त्यात एक गफलत आहे. ब्रेकमध्ये काटकसर नको याचा अर्थ निदानातही चिकित्सा नको असा होत नाही. उलट न तपासता सगळं बदललं आणि मूळ कारण यादीबाहेरचं निघालं, तर ३३ हजार घालूनही चाक तापतच राहतं.

उघडून तपासणी

गोरव्याकडचा एक जुना मेकॅनिक, काकांच्या भावाच्या ओळखीचा, रविवारी सकाळी सोसायटीत आला. उघडून पाहायचे करासह ५९० रुपये, काम कुठेही करा, असं त्यानं आधीच सांगितलं. त्यानं काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरले.

आधी त्यानं गाडी सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर आणि बाहेर मिळून थोडी चालवली, ब्रेक शक्यतो न दाबता, आणि तापमान मोजायची गन चारही चाकांवर धरली. पुढचं डावं १६८ अंश, पुढचं उजवं ६४, मागची दोन्ही चाळिशीत. गाडी निवल्यावर पुढची बाजू जॅकवर घेतली. ब्रेक दाबायला लावला, सोडायला लावला, चाक फिरवलं. डावं घट्ट.

मग खरी परीक्षा. त्यानं कॅलिपरचा ब्लीडर (आतलं ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) पाना लावून अर्धा आटा सैल केला. या एका कृतीला कुठल्याही एस्टिमेटपेक्षा जास्त किंमत आहे. ब्लीडर सैल केल्यावर ऑइल जोरात उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकलेला होता. म्हणजे कॅलिपर निर्दोष असू शकतो. रबरी होज आतून फुगून बंद झालेला असतो, ऑइल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, किंवा मग दोष मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडलच्या जोरानं ऑइलवर दाब आणणाऱ्या भागाकडे असतो. होजला ७८० रुपये. आणि चाक तरीही घट्टच राहिलं, तर अडकलंय ते लोखंड.

थोडं ऑइल ओघळलं. चाक घट्टच. होज निर्दोष ठरला.

आता चाक उतरवून कॅलिपर ब्रॅकेटवरून काढला आणि तारेनं स्प्रिंगला टांगला. होजवर लोंबकळू दिला नाही, हे पाहूनच मला माणसाचा भरवसा वाटला. या जातीच्या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतल्या पॅडला दाबतो, आणि मग सगळा कॅलिपर दोन स्लाइड पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना अडकल्या की सगळा भार आतल्या पॅडवर. डावीकडचा आतला पॅड जेमतेम दीड मिलिमीटर उरला होता, बाहेरचा सहा. खालची पिन हातानं निघेना. मुरगळून काढली तर वंगणाच्या जागी तपकिरी, वाळलेला गाळ, विश्वामित्रीचा. बोटानं चोळला तर तळहातावर भुकटी पडली.

इथेच थांबलं असतं तर निष्कर्ष स्वस्त निघाला असता: पिना साफ करा, त्यांच्यावर नवे रबरी बूट घाला, ग्रीस लावा, झालं. पण त्यानं ब्लीडर उघडा ठेवून सी-क्लॅम्पनं पिस्टन आत दाबला. तो थोडा सरकला आणि अडला. पिस्टनभोवतीचं धूळरबर एका घडीवर फाटलेलं होतं. पिस्टन बाहेर काढल्यावर पृष्ठभागावर, नेमका सील बसतो त्या पट्ट्यात, गंजाचे बारीक खड्डे दिसले. नखाला लागत होते.

या सीलबद्दल दोन वाक्यं. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला मागे खेचणारी वेगळी स्प्रिंग नसते. चौकोनी काटछेदाचं रबरी सील दाबाखाली किंचित पिळवटतं आणि दाब गेला की मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे घेतं. तेवढ्यानंच चाक मोकळं होतं. पिस्टनवर गंज असेल तर सील नवं घालूनही उपयोग नाही, काही महिन्यांत तेच सील घासून गळायला लागतं.

उजवीकडे वेगळी गोष्ट. पिना कोरड्या पण सरकत्या. पिस्टन एका दमात आत गेला. धूळरबर कडक झालेलं, पण फाटलेलं नाही. पिस्टनच्या बाहेरच्या तोंडावर गंज, सीलच्या पट्ट्यात स्वच्छ.

डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, इथे २० मिलिमीटर. डावी १९.६ भरली, उजवी २०.९. मागचे ड्रम काढून पाहिले: शूंवर जाडी शिल्लक होती, व्हील सिलिंडर कोरडे. गंजाची भुकटी झटकली की झालं.

ठेवलेले आणि सोडलेले पर्याय

विमा. काकांच्या मनात आलं, पुरामुळे झालं आहे तर दावा करता येईल का? कागदावर पूर हे विम्यात येतं. केवळ उशिरा कळवलं एवढ्या कारणावरून खरा दावा फेटाळू नये, असं विमा नियामकाचं २०११ चं परिपत्रकही आहे. पण अडचण उशिराची नव्हती, पुराव्याची होती. मधल्या पाच महिन्यांत गाडी चालली होती, दोन महिने उभी होती, आणि झीज-गंज हे पॉलिसीत सरळ वगळलेलं असतं. सर्व्हेयर फाटलेल्या धूळरबराकडे बोट दाखवणार, आणि खरं सांगायचं तर तो बरोबर असता. ती चीर घडीवर होती, पाच वर्षांच्या रबराची. पुरानं फक्त आत गाळ ढकलला. शिवाय ऑक्टोबरच्या नूतनीकरणात काकांनी पाच वर्षं दावा नाही असं सांगून ५० टक्के नो-क्लेम बोनस घेतलेला होता. ऑगस्टच्या घटनेवर आता दावा म्हणजे तो बोनसही वादात. आणि मिळालं असतं किती? ऑगस्टमध्ये गाडी चार ते पाच वर्षांच्या गटात होती, त्या वयाला धातूच्या भागांवर ३५ टक्के घसारा, रबराच्या भागांवर ५० टक्के, वर १,००० रुपये सक्तीची वजावट. हा पर्याय मी दहा मिनिटांत बाजूला ठेवायला सांगितला.

भंगारातला जुना कॅलिपर. दीड-दोन हजारांत मिळत होता. काकांना मोह झाला. पण पूर येऊन गेलेल्या शहरात, पुरानंतरच्या पाच महिन्यांत, भंगारात आलेल्या गाड्या कुठून आल्या असतील याचा विचार करा.

बाजारातला दुसऱ्या कंपनीचा नवा कॅलिपर. ४,२०० रुपये. हा पर्याय वाईट नव्हता. गाडीच्या कंपन्या बरेचसे ब्रेक बाहेरच्या उत्पादकांकडूनच घेतात आणि त्यातले काही उत्पादक तेच भाग स्वतःच्या खोक्यात दुकानात विकतात. पण दुकानात समोर आलेल्या खोक्यावर उत्पादकाचं नाव होतं, महिना-वर्ष नव्हतं, आणि ब्लीडरवरची रबरी टोपी गायब होती. दुकानदार म्हणाला, "चालशे, काका." काकांनी खोकं परत ठेवलं.

दोन्हीकडे फक्त सील किट, म्हणजे कॅलिपरच्या रबरी भागांचा संच. सगळ्यात स्वस्त, दोन हजारांच्या आत काम. डाव्या पिस्टनवरच्या खड्ड्यांनी तो निकालात काढला. सुटा पिस्टन या मॉडेलला मिळत नव्हता.

अधिकृत वर्कशॉपचं पूर्ण पॅकेज. यातली हमी खरी होती आणि दोघंच राहणाऱ्या, वय झालेल्या माणसांना तिची किंमत असते. हा पर्याय मी शेवटपर्यंत टेबलावर ठेवला. मात्र हमी हवी असली तरी होज आणि मागचे सिलिंडर यांना कारण नव्हतं.

निर्णय

डावा कॅलिपर नवा, कंपनीचा, अधिकृत काउंटरवरून छापील किमतीला विकत घ्यायचा. उजवा उघडून सील किटनं दुरुस्त करायचा. पॅड दोन्हीकडचे नवे. एका बाजूचे पॅड बदलून चालत नाही, गाडी ओढतेच. होज आणि मागचं सामान आहे तेच.

वाद झाला तो डिस्कवर. उजवी अजून मर्यादेच्या आत होती, जवळपास एक मिलिमीटर शिल्लक. मेकॅनिक म्हणाला, एकच बदला, चालेल. काकांचाही कल तिकडेच. माझं मत जोडीचं होतं. एकीकडे गुळगुळीत नवी आणि दुसरीकडे पाच वर्षांचे चर पडलेली डिस्क, त्यावर नवे पॅड: दोन्ही चाकांची पकड सारखी राहील याची खात्री देता येत नाही. इथे २,९०० रुपये वाचवण्यात मला अर्थ दिसला नाही. काकांनी ऐकलं, पण नाखुशीनं. आजही ते तो खर्च 'तुमच्या नावावर' म्हणतात.

कॅलिपर जोडीनं बदलायला हवा का, हा मात्र खरोखर मतभेदाचा मुद्दा आहे. पुष्कळ मेकॅनिक जोडीनंच बदलतात आणि त्यामागे तर्क आहे: दोन्हीचं वय तेच, दोन्ही बुडाले तेच. पण पॅड आणि डिस्क यांच्यासारखा कॅलिपर रोज झिजत नाही. त्याचा पिस्टन, बोअर (पिस्टन ज्यात सरकतो ती पोकळी) आणि पिना चांगल्या असतील तर दुसऱ्या बाजूला नवा आला म्हणून पकड बदलत नाही. उजवा उघडून पाहिला होता म्हणूनच तो ठेवायचं धाडस केलं. न उघडता ठेवला असता तर मी जोडीच सुचवली असती.

काम

एका दिवसात झालं. बघण्यासारख्या जागा दोन-तीनच. काउंटरवरून आलेल्या कॅलिपरवर डावा-उजवा खूण तपासली. उलटा बसला तर ब्लीडर खाली जातो आणि हवा कधीच निघत नाही. पिनांना ब्रेकचं खास सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं बेअरिंगचं ग्रीस लावलं की बूट फुगतात आणि पिन पुन्हा अडकते, आणि दुर्दैवानं पुष्कळ ठिकाणी तेच लावतात. जुनं ब्रेक ऑइल टाकीतून उपसून चारही चाकांच्या ब्लीडरमधून नवं निघेपर्यंत आतली हवा काढली. निघालेलं ऑइल चहाच्या रंगाचं होतं.

बिल असं झालं: कॅलिपर ६,८५०, सील किट ५४०, पॅड २,६५०, डिस्क ५,८००, ऑइल ६२०, मजुरी २,८००. म्हणजे १९,२६०, आणि तपासणीचे ५९० धरून १९,८५० रुपये. जुने भाग काकांनी पिशवीत घालून घरी आणले. काकूंनी ती पिशवी गॅलरीत ठेवू दिली नाही.

परिणाम

पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक न मारता पॅड बसू दिले. नंतर मोजलेली तापमानं: डावं ७१, उजवं ६८. ओढणं बंद झालं. शहरात १३ वर आलेलं मायलेज १६ च्या आसपास परतलं.

पण सगळं सुरळीत झालं असं नाही. आठवड्याभरात पेडल थोडं स्पंजासारखं लागायला लागलं. काका घाबरले, जावयानं 'मी म्हणालो होतो' हे म्हणून घेतलं. उजव्या, दुरुस्त केलेल्या कॅलिपरमध्ये हवेचा बुडबुडा राहिला होता. मेकॅनिकनं पैसे न घेता पुन्हा हवा काढली. नवा कॅलिपर असो की उघडलेला, पहिल्या आठवड्यात एकदा परत पाहून घेण्याची बोली आधीच करावी, हे तेव्हा लक्षात आलं. लेखी हमी नव्हती; तो माणूस सज्जन निघाला म्हणून निभावलं. ही त्या १३ हजारांच्या बचतीची दुसरी बाजू आहे आणि ती हिशेबात धरली पाहिजे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये, पावसाळा उलटल्यावर, पुढची चाकं पुन्हा उघडून पाहिली. डावं उत्तम. उजवीकडची एक पिन जरा घट्ट झाली होती. साफ करून ग्रीस, ३५० रुपये. पिस्टन कोरडा, गळती नाही. काकांनी लगेच विचारलं, आता उजवाही बदलू का? मी नको म्हटलं. पिन घट्ट होणं आणि पिस्टन गंजणं यात फरक आहे, आणि वर्षाला एकदा चाक उघडलं तर पिनेचं दुखणं तिथेच थांबतं.

एक गोष्ट मधल्या काळात बदलली. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कंपनीनं मूळ किंमत तीच ठेवली असेल तर काकांचा ६,८५० चा कॅलिपर आता साधारण ६,३१५ ला पडावा. ऑइल सोडून त्यांच्या बिलातल्या भागांवर मिळून सुमारे १,२४० रुपये वाचले असते. जुन्या छापील किमतीचं खोकं कुणी पुढे केलं तर हे विचारायला हरकत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पुरानंतरचा पहिला आठवडा. पाणी चाकाच्या मध्याच्या वर आलं असेल तर गाडी सुरू होते की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. चारही चाकं उतरवून, पिना काढून धुणं, ग्रीस भरणं आणि ब्रेक ऑइल बदलणं हे काम सप्टेंबरमध्ये दोन हजारांच्या आत झालं असतं. डावा पिस्टन त्यानं वाचला असता का? ठामपणे सांगता येणार नाही, रबर आधीच फाटलेलं होतं. पण ते फाटलेलं तेव्हाच दिसलं असतं, आणि गंज चढायच्या आत ५४० च्या किटमध्ये भागण्याची शक्यता चांगली होती. पॅड आणि डिस्क तर नक्की वाचल्या असत्या.

विमा कंपनीला एक फोन. कळवलं म्हणजे दावा केलाच पाहिजे असं नाही. पाण्याची खूण असलेल्या चाकांचे फोटो, तारखेसह, आणि कळवल्याची नोंद एवढं असतं तर जानेवारीत निदान बोलायला जागा राहिली असती. बोनस पाहता दावा न करण्याचाच निर्णय बहुधा झाला असता, पण तो आकडे मांडून झाला असता.

गाडी उभी ठेवण्याची पद्धत. दोन महिने हँडब्रेक ओढून ठेवण्यापेक्षा गिअरमध्ये टाकून चाकाला विटा लावायच्या आणि किल्ली शेजाऱ्याकडे द्यायची. आठवड्यातून एकदा सोसायटीबाहेर फेरी मारली, दोन-चारदा ब्रेक दाबला, तर पिस्टन एका जागी चिकटून बसत नाही. काकांनी या हिवाळ्यात किल्ली माझ्याकडे दिली आहे.

घाट. जानेवारीत डावीकडे ओढणारी गाडी पावागडला न्यायला नको होती. गाडी ओढते याचं कारण टायरची हवा असू शकतं, पण हवा भरूनही ओढत राहिली तर पुढची तपासणी ब्रेकची. त्यासाठी मेकॅनिकही लागत नाही. पाच-सात किलोमीटर शांतपणे चालवून गाडी थांबवायची आणि प्रत्येक चाकाजवळ, हात न लावता, तळवा धरायचा.

आणि वर्कशॉपच्या काउंटरवर. 'कॅलिपर कितीला?' या प्रश्नाला उत्तर छापील किमतीचंच मिळतं. काकांनी त्या दिवशी विचारायला हवे होते असे प्रश्न असे: चाक उतरवून पाहिलं का? ब्लीडर सैल केल्यावर चाक सुटलं का? पिना अडकल्यात की पिस्टन? डिस्कची जाडी किती भरली, आणि कोरलेली मर्यादा किती? याची उत्तरं जॉबकार्डवर लिहून मागितली असती तर कदाचित त्याच वर्कशॉपनं होज आणि मागचं सामान स्वतःहून वगळलं असतं, बिल साडेसत्तावीस हजारांच्या आत आलं असतं आणि वर हमीही मिळाली असती. तसं एस्टिमेट समोर असतं तर मी काकांना गोरव्याला पाठवलं असतं का, याबद्दल मला अजूनही शंका आहे.